रोज नवा प्रॉम्प्ट, रोज नवी सुरुवात. मग कथा पुरी कधी होणार?

नमस्कार. तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी त्याचा गोषवारा मांडते. मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापुरातच राहता, पतसंस्थेत नोकरी करता. रात्री जेवणं उरकली की अर्धा तास तुमचा. फोनवर रोज सकाळी एक प्रॉम्प्ट येतो, म्हणजे लिहायला सुरुवात करून देणारा एखादा शब्द किंवा विषय, त्यावर रात्री लिहिता. कधी डायरीसारखं, कधी गोष्टीसारखं. चार महिन्यांत दोन वह्या भरल्या, पण पुरी झालेली कथा एकही नाही, आणि डायरीची पानं परत वाचायला घेतली की तुम्हालाच जांभया येतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: याहून चांगले प्रॉम्प्ट कुठे मिळतील, डायरी आणि कथा दोन्हींना एकच प्रॉम्प्ट चालेल का, आणि लिहिलेलं कुणाला दाखवावं का.

माझ्याबद्दल एवढंच, की शाळेत मराठी शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, कथा लिहिते, आणि निवृत्तीनंतर इथेच दर रविवारी एक छोटा लेखनगट चालवते. गटात शिलाईकाम करणाऱ्या बाईंपासून वकिलांपर्यंत सगळे आहेत. पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं त्या खोलीत पाहिलेलं आहे.

चार महिने रोज लिहिलंत, म्हणजे बसायची सवय लागली. हे थोडं नाही. आणि चांगल्या प्रॉम्प्टची टंचाई तर कुठेच नाही. फोन उघडला की ढिगानं मिळतात. तुमची अडचण प्रॉम्प्टच्या दर्जात नाही, तो रोज बदलतो यात आहे. सोमवारी तुम्ही रेल्वे स्टेशनवर चुकलेल्या मुलावर दीड पान लिहिता. जरा रंगात येतंय तोवर झोपायची वेळ होते. मंगळवारी सकाळी फोन म्हणतो, 'तुमच्या आवडत्या वासाबद्दल लिहा.' तुम्ही इमानेइतबारे वासाकडे वळता. तो मुलगा स्टेशनवरच राहतो. तुमच्या दोन वह्यांत अशी किती मंडळी तिष्ठत बसली असतील, एकदा मोजून बघा.

पहिल्या दिवशी लिहिलं जातं ते सुचलेलं असतं. कथा लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेव्हा सुचलेलं संपतं आणि 'आता पुढे काय' असं होऊन आपण पेन चावत बसतो. रोज नवा प्रॉम्प्ट घेणारा माणूस नेमका हा दिवस चुकवतो. सुरुवात करण्यात तो तरबेज होतो, पण तेवढंच.

अर्थात हे सरसकट सगळ्यांना लागू नाही. ज्यानं शाळा सुटल्यावर पेनच धरलेलं नाही, त्याला महिनाभर रोज नवा विषय दिलेलाच बरा. कोऱ्या पानासमोर बसल्यावर 'कशावर लिहू' यातच निम्मा जीव जातो, तो त्रास वाचतो. ज्याला फक्त डायरी लिहायची आहे, कथेशी घेणंदेणं नाही, त्याचंही रोजच्या बदलानं काही बिघडत नाही. दिवसाला दहाच मिनिटं मिळत असतील तर गोष्ट वेगळी, दोन तास मिळत असतील तर वेगळी. घरात वही उघडी ठेवता येते की कुणी डोकावतं, यावरही बरंच ठरतं. तुमच्याकडे सवय आहे, अर्धा तास आहे, आणि कथा पुरी करायची इच्छा आहे. म्हणून तुम्हाला मी प्रॉम्प्ट बदलायला सांगणार नाही, तो बदलण्याचा वेग कमी करायला सांगेन.

पण त्याआधी प्रॉम्प्ट हातात आल्यावर त्याचं करायचं काय, हे बघू. इथेच आपले बहुतेक लोक अडकतात.

दुसऱ्यानं दिलेल्या तुकड्यावरून लिहिणं आपल्याला काही नवं नाही. संस्कृत कवींमध्ये समस्यापूर्ती चालायची: एक चरण द्यायचा, उरलेला श्लोक कवीनं पुरा करायचा. भोजराजाच्या दरबारातली दंतकथा तुम्ही ऐकली असेल. राजानं चरण दिला तो असा: 'ठंठंठठंठं ठठठंठठंठः'. अर्थ काहीच नाही, नुसता आवाज. कालिदासानं म्हणे तो असा पुरा केला: रामाच्या अभिषेकाच्या वेळी धुंद झालेल्या एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून खाली जाताना त्याचा हा असा आवाज झाला. (कालिदास आणि भोज यांचा काळ जुळत नाही. दंतकथाच ती, तिला कोण विचारतो!)

आता कालिदासानं काय केलं नाही ते बघा. त्यानं आवाजाचं महत्त्व सांगितलं नाही. आवाज किती प्रकारचे असतात हे सांगितलं नाही. त्यानं तीन गोष्टी शोधल्या: हा आवाज कुठे होईल, कुणाच्या हातून होईल, आणि नेमका कोणत्या दिवशी. जिना, तरुणी, अभिषेकाचा दिवस. एवढं मिळाल्यावर निरर्थक ठणठणाटसुद्धा प्रसंग होतो. गटात कुणालाही प्रॉम्प्ट दिला की पेन टेकवायच्या आधी मी हे तीनच प्रश्न विचारते.

याच्या उलट आपला हात जातो तो निबंधाकडे. दोष कुणाचा नाही, दहावीपर्यंत तेच करून घेतलेलं असतं. मीही त्या करून घेणाऱ्यांतलीच. 'पाऊस पडलाच नाही तर', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'मी पाहिलेली जत्रा'. सुरुवातीला एक सुविचार, मध्ये तीन मुद्दे, शेवटी संदेश. परीक्षेत याला मार्क पडतात. पण तीस-पस्तिशीचा माणूस 'आठवण' या प्रॉम्प्टवर 'माणसाच्या आयुष्यात आठवणींना अनन्यसाधारण महत्त्व असते' असं लिहितो तेव्हा तो अजून परीक्षेच्या हॉलमध्येच बसलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. तुमचं पहिलं वाक्य जगातल्या कुणाही माणसाला लागू पडत असेल, तर ते खोडा. बहुतेक वेळा पहिला सगळा परिच्छेदच जातो आणि लिखाण दुसऱ्यापासून सुरू होतं.

एक उदाहरण जरा खोलात जाऊन सांगते. ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगतेय.

गटात एकदा प्रॉम्प्ट होता, 'परत आलेली वस्तू'. अपेक्षेप्रमाणे हरवलेल्या अंगठ्या आल्या, जुनी प्रेमपत्रं आली, एक कुत्राही आला. शिलाईकाम करणाऱ्या आमच्या एक बाई गप्प बसून होत्या. त्यांनी लिहिलं चादरीवर. आता तुम्ही इथलेच, तुम्हाला वेगळं सांगायला नको: सोलापुरात लग्न असो, वास्तुशांत असो, कुणाची निवृत्ती असो, चादर दिली जाते. परगावचे पाहुणे असतील तर हमखास. कपाटात दोन-चार कोऱ्या चादरी 'देण्याघेण्याच्या' म्हणून पडून असतात, आणि आलेली चादर पुढे सरकवायची हेही घरोघरी चालतं. फक्त बोलत कुणी नाही. या बाईंच्या गोष्टीत वास्तुशांतीचा आहेर रात्री उघडला जातो. एका चादरीची घडी अजून कारखान्यातली, कडक. सून ती झटकते आणि घडीतून चिठ्ठी पडते. निळ्या शाईत, वारलेल्या सासूबाईंच्या अक्षरात: 'आत्याकडून, अनेक आशीर्वाद.' त्यांनीच कधीकाळी भाचीच्या लग्नात दिलेली चादर फिरून घरी आली होती.

पहिल्या दिवशी एवढंच झालं, एक पान. सगळे हसले, छान म्हणाले. रोज नवा प्रॉम्प्ट असता तर ते पान तिथेच मिटलं असतं. मी म्हटलं, आठवडाभर हीच चादर घेऊन बसा, दुसरं काही लिहू नका.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रसंग देणारीच्या बाजूनं लिहिला. तेव्हा कळलं, की भाचीनं चादर उघडलीच नव्हती. उघडली असती तर चिठ्ठी दिसली असती. का उघडली नसेल? हा प्रश्न पहिल्या दिवशी कुणालाच पडला नव्हता, बाईंनासुद्धा. तिसऱ्या दिवशी नुसतं बोलणं लिहायला सांगितलं, मधे वर्णनाचं एक अक्षर नको. सून आभाराचा फोन करते:

'चादर मस्त आहे हो. रंग पण आमच्या हॉलला शोभतोय.'

'आवडली का? मी म्हणलं, मरून रंग तुमच्याकडं चालतंय.'

'हां. कुठनं घेतली?'

'ते… आमच्या ह्यांनी आणली. मंगळवार बाजारातनं असंल.'

'बरं.'

'का हो?'

'काही नाही. सासूबाईंकडं अशीच होती एक.'

'…असंल की. सगळीकडं असत्यात तशा.'

बघा, इथे 'तिला वाईट वाटले' असं कुठेही नाही. दोघींनाही काय झालंय ते कळतं, आणि दोघी ते झाकतात. चौथ्या दिवशी बाईंना काहीच सुचलं नाही. त्यांनी पहिल्या दिवसाचं पान नुसतं परत उतरवून काढलं. उतरवताना हाताला लागलं, की पहिल्या पानात नवरा कुठेच नाही. ती चिठ्ठी तर त्याच्या आईची! मग पाचव्या दिवशी नवरा खोलीत आला, चादर कुणाची आलीय ते विचारलं, आणि सुनेनं चिठ्ठी पोलक्यात सरकवली. चिठ्ठी त्याला दाखवायची की नाही, यावर कथा उभी राहिली. 'परत आलेली वस्तू' हे शब्द तोवर कुणाच्या लक्षातही नव्हते, आणि तसंच व्हायला हवं. लिखाणाला पाय फुटले की प्रॉम्प्टशी इमान राखायची काही गरज नाही. 'विषयाला सोडून लिहिले आहे' असा लाल शेरा मारायला आता कुणी बसलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग फोनवर रोज येणाऱ्या प्रॉम्प्टचं काय करू? बंद नका करू. तो चालू असलेल्या गोष्टीतच घाला. ही युक्ती आमच्याकडे सगळ्यात जास्त चालली. सोमवारचा मुलगा स्टेशनवर उभा आहे. मंगळवारचा प्रॉम्प्ट 'आवडता वास'. मग त्या मुलाला रात्रीच्या फलाटावर कसला वास येतोय? सिद्धेश्वर एक्स्प्रेस लागायची वेळ आहे, लोक डबे बांधून आलेत, कुणाच्या तरी पिशवीतून शेंगाचटणीचा आणि भाकरीचा वास येतोय, आणि तो वास त्याच्या घरचा आहे. बुधवारचा प्रॉम्प्ट 'एक खोटं'. मुलाला पोलिसानं नाव विचारलं आणि त्यानं खोटं सांगितलं. का? गुरुवारचा 'बंद दरवाजा' बसत नसेल तर सोडून द्या, ओढूनताणून काही नको. तुम्हाला रोजचा धक्का मिळतो आणि मुलगाही वाऱ्यावर पडत नाही. आठवड्याच्या शेवटी हातात सात तुकडे असतात आणि सगळे एकाच माणसाचे. त्यातले तीन टाकाऊ निघतील. निघू द्या.

प्रॉम्प्ट कुठून आणायचे, हा तुमचा पहिला प्रश्न. फोनवर येणारे बरेचसे मूळ इंग्रजीतून आलेले असतात, त्यामुळे त्यात पोटमाळ्यावरची पेटी असते, बर्फाची रात्र असते, शेकोटीभोवती जमलेले मित्र असतात. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळिसाच्या वर आणि वीज गेलेली, अशा वेळी बर्फाच्या रात्रीवर लिहायला कुणाला जमत असेल तर माझा नमस्कार. एआयला विचारलं तरी साधारण तेच गुळगुळीत हाती येतं. फार तर त्याला गावाचं नाव सांगा, म्हणजे पेटीच्या जागी चादर येईल.

त्यापेक्षा वर्तमानपत्रातल्या 'जाहीर नोटीस' वाचा. मी आग्रहानं सांगते, कथाकाराला याहून मोठी खाण नाही. 'आमचा मुलगा आमच्या सांगण्यात नाही, त्याच्याशी कोणी आर्थिक व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही.' दोन ओळी, वकिलाची भाषा, आणि मागे अख्खं घर. हे छापायला द्यायला बाप गेला असेल की आई? पैसे कुणी दिले? मुलानं ते वाचलं तेव्हा तो कुठे चहा पीत होता? नाव बदलल्याच्या जाहिराती, हरवलेल्या कागदपत्रांच्या, निधनवार्तेतली नातेवाइकांची यादी (कोणाचं नाव आहे यापेक्षा कोणाचं नाही ते बघा), लग्नपत्रिकेतलं 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'. हे सगळे प्रॉम्प्टच आहेत. कात्रणं एका पाकिटात टाकत जा.

दुसरी खाण कान. आपल्या गावात एका रिक्षात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषा ऐकू येतात. अशोक चौकाकडे, पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात राहणारी माणसं घरात तेलुगू बोलतात, दुकानात मराठी, आणि चिडल्यावर तिसरंच काही. कोण कुठल्या वाक्याला भाषा बदलतं, ते टिपून ठेवा. 'आई पैशाचं बोलताना कन्नडमध्ये जाते' एवढं एक निरीक्षण आठवड्याला पुरतं. आणि डायरीतलं असो वा कथेतलं, बोलणं कानावर पडतं तसंच लिहा. 'तू काय करत आहेस' असं आपल्याकडे कोण बोलतं? 'काय करायलास बे?' असं लिहिलं की माणूस आपोआप समोर उभा राहतो.

तारीख हाही प्रॉम्प्ट होतो, पण जपून. सोलापूरचा माणूस लिहायला लागला की कधी ना कधी मार्शल लॉकडे, म्हणजे १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी शहरावर लादलेल्या लष्करी अंमलाकडे, वळतोच. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं गेलं. सिद्धेश्वराच्या यात्रेचे, संक्रांतीच्या तोंडचे दिवस. एवढी मोठी गोष्ट प्रॉम्प्ट म्हणून घेतली की नव्वद टक्के वेळा भाषण होतं. ज्याला जमलं त्यानं चौघांना हातच लावला नव्हता. १९३० च्या त्या मे महिन्यात एका शिंप्याच्या दुकानात शिवून तयार असलेले कपडे कुणी न्यायला आलंच नाही, तेवढ्यावर लिहिलं होतं. पुन्हा तेच: कुठे, कुणाच्या हातून, कोणत्या दिवशी.

आता डायरी. एकच प्रॉम्प्ट दोन्हीकडे चालेल का? चालेल, पण एकाच रात्री नको, आणि दोन्हीकडे त्याची दिशा उलटी हवी. कथेत प्रॉम्प्टनं तुम्हाला स्वतःपासून लांब न्यायला हवं, दुसऱ्याच्या चपलेत. डायरीत त्यानं तुम्हाला जिथून तुम्ही नजर चुकवता तिथे आणून उभं करायला हवं. तुम्ही एकाच पानावर दोन्ही करता, म्हणून कथेतला माणूस तुमच्यासारखाच पतसंस्थेत कामाला लागतो आणि डायरीतले तुम्ही कादंबरीतल्यासारखे खिडकीतून चांदणं बघता. साधा उपाय म्हणजे दोन वेगळ्या वह्या. एवढ्यानंही बराच फरक पडतो.

डायरी वाचताना जांभई का येते, तेही सांगते. तुम्ही पाठवलेल्या चार ओळींत होतं: 'आज दिवस बरा गेला. कामाचा ताण होता. घरी आल्यावर बरं वाटलं.' हे सगळे निकाल आहेत, खटला कुठे आहे? 'स्वतःशी संवाद साधा', 'आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात' या छापाचे प्रॉम्प्ट असंच लिहायला लावतात. कृतज्ञतेची यादी पहिल्या आठवड्यात खरी असते. पुढे आई, वडील, आरोग्य, आई, वडील, आरोग्य. डायरीचा प्रॉम्प्ट छोटा आणि पुराव्याचा हवा. आज कुणाशी बोलताना माझा आवाज बदलला? आज कोणता फोन उचलायचा टाळला? आज खिशातून गेलेल्या पैशांपैकी कोणते देताना हात आखडला? कर्जाचा हप्ता थकलेला माणूस समोर बसला तेव्हा तो हातात काय चाळवत होता? तुमच्या नोकरीत तर असे प्रश्न काउंटरवर रोज चालत येतात. उत्तर तीन ओळींचं आलं तरी चालेल, वर्षानंही ते वाचावंसं वाटेल.

मनाला लागलेल्या जुन्या गोष्टींवर डायरी लिहायची असेल तर जरा थांबून. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांवर लिहायचं. तुलनेला दुसरा गट किरकोळ विषयांवर लिहीत होता. ज्यांनी घटनाही लिहिली आणि तिच्याबद्दल वाटलेलंही लिहिलं, त्यांना लिहून उठल्यावर आधीपेक्षा वाईटच वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी भरल्या. यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. नुसती हकीकत किंवा नुसतं रडगाणं नको, दोन्ही हवं. आणि मुदत चार दिवसांची होती, चार महिन्यांची नव्हे. तीच जखम रोज रात्री उघडून बसणं म्हणजे डायरी नव्हे. लिहून झोप उडत असेल, दिवसेंदिवस जड होत असेल, तर वही मिटा आणि माणसाशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरशी.

डायरीतलं कथेत न्यायचं असेल तर मधे वेळ जाऊ द्या, निदान राग निवेपर्यंत. मग 'मी'च्या जागी 'तो' किंवा 'ती' करा आणि एक नातं बदला: भाऊ असेल तर शेजारी करा, साहेब असेल तर सासरा. नातं बदललं की गोष्ट स्वतःच्या चालीनं चालू लागते. शिवाय आपलं गाव केवढं! नवी पेठेत कुणाचं काय झालं ते संध्याकाळपर्यंत सात रस्त्याला कळतं. तुमच्या शाखेतल्या थकबाकीदाराला त्याचं घर कथेत जसंच्या तसं सापडलं तर त्याचं नुकसान होईल आणि तुमची नोकरीही अडचणीत येईल. धंदा बदला, पेठ बदला, घरातली माणसं कमी-जास्त करा.

वेळेचं फार सांगत नाही. रात्रीचा अर्धा तास ठीक आहे. त्यातली पहिली पाच मिनिटं कालचं पान वाचायला द्या, वीस मिनिटं लिहा, आणि शेवटी उद्याच्या आपल्यासाठी एक ओळ सोडा: 'पोलीस परत येतो.' दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची भीती निम्मी होते. आणि नळाला पाणी यायच्या रात्री लिहायला बसू नका. एक कान मोटारीकडे असताना आजवर कुणाला काही सुचलेलं मी पाहिलेलं नाही.

तर तुमच्यापुरतं असं: आठवड्याला एकच माणूस, रोजचा प्रॉम्प्ट त्याच्याच अंगावर टाकायचा. डायरीची वही वेगळी, तिच्यात छोटे प्रश्न. जुन्या दोन वह्या फेकू नका. त्या चाळून ज्या पानापाशी तुम्हाला 'पुढे काय झालं असेल' असं वाटेल अशी तीनच पानं निवडा आणि पुढचे तीन आठवडे त्यांना द्या.

राहिला तिसरा प्रश्न, दाखवायचं का. डायरी कुणालाही नाही. कथेचे सुट्टे तुकडे असताना शक्यतो नाही, कारण लोक 'छान' म्हणतात आणि ती लिहायची भूकच मरते. पहिला पुरा खर्डा झाला की आधी स्वतः मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. मग असा एकच वाचक निवडा जो तुमच्यावर प्रेम करतो म्हणून वाचणार नाही. त्याला 'कशी वाटली' विचारू नका. 'कुठे कंटाळा आला' आणि 'कुठे कळलं नाही', एवढंच विचारा. तो काय दुरुस्ती सुचवतो त्याकडे फार लक्ष देऊ नका, पण त्यानं बोट ठेवलेली जागा बहुधा बरोबर असते. छापायचं मनात असेल तर दिवाळी अंकांचे संपादक साहित्य पावसाळ्यातच मागवायला लागतात, दसऱ्याला पाठवलेली कथा पुढच्या वर्षावर जाते. अंक आधी विकत घेऊन वाचा, शब्दमर्यादा बघा, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.